पहारेकऱ्याचा हुकूमनामा



दिनांक १२ एप्रिल १९६० रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत, आणि वादाचा विषय दमणहून दादरा व नगर हवेलीकडे जाणारी वाट. समुद्रकाठचे दमण पोर्तुगीजांकडे, आत दमणगंगेच्या तीरावरील सिल्वासा व भोवतालची नगर हवेली पोर्तुगीजांकडे, आणि या दोहोंच्या मध्ये भारताचा मुलूख, अशी ती चमत्कारिक रचना होती. १९५४ च्या जुलैत प्रथम दादरा, मग नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगीजांना दमणहून इकडे यावयाचे होते. भारताने मधली वाट बंद केली. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने न्यायालयात अर्ज केला. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड यांनी काम पाहिले; मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला हे भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून त्या पीठावर बसले होते.

निकाल मोठा विचार करण्याजोगा होता. न्यायालयाने वाट सरसकट उघडी ठेवली नाही, सरसकट बंदही केली नाही. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीने जाण्यायेण्याचा हक्क पडला आहे, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांना तसा हक्क नाही, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. ज्यांना हक्क होता त्यांच्या येण्याजाण्यावरही नियमन व देखरेख मात्र भारताचीच राहील, आणि १९५४ च्या तंग परिस्थितीत भारताने वाट नाकारली यात त्याचे कर्तव्य चुकले नाही, हेही न्यायालयाने ९ विरुद्ध ६ मतांनी सांगितले. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला आणि तो वाद इतिहासजमा झाला.

हा निकाल आज सांगावयाचे कारण असे की, घराघरांत आलेल्या संगणकांच्या दारावर ‘फायरवॉल’ नावाचा जो पहारेकरी उभा असतो, तो चोवीस तास याच प्रकारचे निवाडे करीत असतो. कोणी यावे, कोणी येऊ नये, कोणत्या कामासाठी यावे, आणि संकटाच्या प्रसंगी नेहमीच्या पाहुण्यालाही दार लावून घ्यावे काय, हे त्याचे प्रश्न. परंतु आजच्या भाषणात आपण त्याच्याही पलीकडचा एक प्रश्न पाहणार आहोत. पहारेकऱ्याच्या हातात जो हुकूमनामा असतो, तो हुकूमनामाच कोणी खोडून बदलला तर काय? या प्रश्नाला काही चिकित्सक माणसांनी एक साधे, जवळजवळ खेडवळ म्हणावे असे उत्तर दिले. त्या उत्तराचा इतिहास हा आजचा विषय.

प्रथम पहारेकऱ्याचे काम समजून घेऊ. इंटरनेटवरील कोणताही मजकूर अखंड प्रवाहासारखा वाहत नाही. त्याचे लहान लहान तुकडे पडतात व प्रत्येक तुकड्यावर टपालाच्या पाकिटाप्रमाणे पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. शिवाय तो कोणत्या खात्याकडे जावयाचा आहे त्याचा क्रमांकही असतो. फायरवॉल प्रत्येक पाकिटाचा हा वरचा मजकूर वाचते, आपल्या यादीतील नियमांशी एकामागून एक ताडून पाहते, आणि पाकीट पुढे सोडते किंवा टाकून देते. यादीतील शेवटचा नियम शहाण्या घरमालकाने असा ठेवावयाचा की, वर ज्याचा उल्लेख नाही त्याला प्रवेश नाही. आतून कोणी बाहेर काही मागितले असेल तर त्याचे उत्तर आत येऊ द्यावे, परंतु न बोलावता आलेल्यास दारातूनच परतवावे, हा घरगुती फायरवॉलचा मुख्य धर्म होय.

आता हुकूमनाम्याचा प्रश्न. आपल्या महाराष्ट्रातील दुर्गांचा कारभार ज्यांनी अभ्यासिला आहे त्यांना तो नवा वाटणार नाही. शिवकालीन गडावर सर्व सत्ता एका माणसाच्या हाती दिलेली नसे. हवालदार, सबनीस, कारखानीस अशी अधिकारांची वाटणी असे. किल्ल्यांच्या चाव्या एकाकडे, हिशेबाची लेखणी दुसऱ्याकडे, कोठाराची व्यवस्था तिसऱ्याकडे. एक फितला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तटबंदी कितीही उंच असली तरी आतून दार उघडणारा माणूस भेटला की तट व्यर्थ ठरतो, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना ठाऊक होते. संगणकाच्या बाबतीतही खरा धोका हाच असतो. फायरवॉल हाही शेवटी एक संगणकच असतो. त्यात शिरकाव करणारा माणूस दार फोडीत बसत नाही. तो नियमांच्या यादीत एक ओळ वाढवितो आणि निघून जातो. पहारेकरी जागच्या जागी उभा असतो, सलामही ठोकतो, परंतु आता तो दुसऱ्याचा चाकर झालेला असतो.

यावरचे उत्तर फ्लॉपी नावाच्या वस्तूपासून सुरू होते. आजच्या मुलांनी ती पाहिलेली नाही. मजकूर जतन करण्याच्या खुणेवरचे चौकोनी चित्र म्हणून तेवढी ती त्यांना परिचित आहे. या फ्लॉपीच्या जन्मकथेत एक मौजेची गोष्ट आहे. १९७१ साली आय.बी.एम. कंपनीने आठ इंच व्यासाची जी पहिली फ्लॉपी बाजारात आणली, तिचे यंत्र केवळ वाचू शकत होते. लिहू शकत नव्हते. मोठ्या संगणकांना चालू होताना ज्या मूळ सूचना लागत, त्या या चकतीवरून भरावयाच्या, एवढेच तिचे काम. म्हणजे, ज्यावर लिहिता येत नाही अशा साधनावरून यंत्र सुरू करणे, ही फ्लॉपीची पहिली नोकरी होती. तिच्यावर लिहिण्याची सोय मागाहून आली, आणि सोयीबरोबर विघ्नेही आली.

सोय आणि विघ्न यांच्यामध्ये कारागिरांनी एक लहानसा अडसर ठेवला होता. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. खाच उघडी असली तर लिहिता येई. तिच्यावर कागदाची चिकटपट्टी लावली की लिहिणे बंद. पुढे साडेतीन इंची फ्लॉपी आली, तिच्या कोपऱ्यात सरकणारा एक लहान तुकडा असे. तो सरकवून भोक उघडे केले की लिहिणे बंद, भोक झाकले की लिहिणे चालू. ही व्यवस्था विनंतीवजा नव्हती. यंत्रातील संवेदक ते भोक पाहून लेखनाचा विद्युत्प्रवाहच तोडून टाकी. संगणकातील कोणताही कार्यक्रम, मग तो चांगला असो वा दुष्ट, कितीही आर्जवे करो वा धमक्या देवो, त्या भोकापुढे त्याचे काही चालत नसे. ते बदलावयाचे तर यंत्राजवळ उठून जावे लागे आणि बोटाने तुकडा सरकवावा लागे. दूरदेशीच्या चोराला बोट लांब करता येत नाही, हे या उपायाचे सारे शास्त्र.

त्याची गरज लवकरच पटली. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात, म्हणजे यंत्र सुरू होताना जो भाग प्रथम वाचला जातो तेथे, जाऊन बसू लागला. १९९० मध्ये हिंदुस्थानात ‘जोशी’ नावाचा विषाणू सापडला. दरवर्षी ५ जानेवारीस तो यंत्र अडवून धरी, आणि वापरणाऱ्याने जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकल्या म्हणजेच सोडी. नाव ऐकून हसू येते. पण कार्यालयातील कामकाज तासन्‌तास खोळंबले म्हणजे ते हसू मावळते. त्यानंतर ‘मायकेलअँजेलो’ आला; तो ६ मार्चची वाट पाहून साठविलेली माहितीच पुसून टाकी. या सर्वांचा प्रवास एकाच मार्गाने होई. कोणाची तरी फ्लॉपी यंत्रात विसरून राही, दुसऱ्या दिवशी यंत्र तिच्यावरूनच सुरू होई, आणि मग त्या यंत्रात जी जी फ्लॉपी घातली जाई ती ती बाधित होई.

याच काळात पुण्यात कैलास काटकर हे गृहस्थ यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करीत होते. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून त्यांनी आरंभ केला होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांपैकी पुष्कळांचा आजार यंत्राचा नसून विषाणूचा आहे हे दिसून आल्यावर, संगणकशास्त्र शिकत असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारे लिहिण्यास प्रारंभ केला. त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे नाव पुढे आले. त्या काळच्या प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला नियम एकच असे: बाधित यंत्राला स्वतःच्या चकतीवरून उठू द्यावयाचे नाही, लिहिणे बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून ते सुरू करावयाचे आणि मग तपासावयाचे. रोग्याच्या अंथरुणावर बसून वैद्याने स्वतः आजारी पडू नये, यासाठीची ही खबरदारी होती.

तोवर संगणक एकेकटे होते. त्यांना जोडणारी जाळी वाढली तसे संकटाचे रूप पालटले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला एक कार्यक्रम जाळ्यावरून आपोआप पसरत गेला आणि सुमारे ६,००० यंत्रे त्याने घेरली, असा त्या वेळचा अंदाज होता. फ्लॉपी कोणी हातात घेऊन फिरण्याची गरज उरली नव्हती. त्याच सुमारास पाकिटे चाळून सोडणाऱ्या यंत्रणांवर काम सुरू झाले होते, आणि १९९४ साली बेल प्रयोगशाळेतील विल्यम चेसविक व स्टीव्हन बेलोव्हिन यांनी फायरवॉलवर ग्रंथच प्रसिद्ध केला. आपल्या देशात १९८६ पासून ‘अर्नेट’ या योजनेने आय.आय.टी., बंगळूरची विज्ञानसंस्था आणि जुहूची एन.सी.एस.टी. अशा मोजक्या संस्था जोडल्या होत्या. सामान्य नागरिकांसाठी हे दार विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी उघडले, आणि नोव्हेंबर १९९८ पासून खाजगी कंपन्यांनाही ती सेवा देण्याची मुभा मिळाली. मोडेमचा तो किरकिर आवाज, तारेवरून थेंबाथेंबाने येणारे पान, आणि तेवढा वेळ अडून राहिलेला घरचा टेलिफोन, हे पुष्कळांस आठवत असेल.

मोठ्या संस्थांना फायरवॉल विकत घेणे परवडे. घरगृहस्थीस परवडत नसे. तेथे लिनक्स उपयोगी पडले. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही संगणकप्रणाली कोणालाही मोफत घेता, पाहता व सुधारता येत होती. तिच्या गाभ्यात पाकिटे तपासण्याची सोय १९९४ च्या अखेरीस ॲलन कॉक्स यांनी आणली. १९९९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली, आणि २००१ च्या जानेवारीपासून ही फायरवॉल पूर्वीच्या संभाषणाची आठवण ठेवू लागली. म्हणजे आत येणारे पाकीट कोणाच्या मागणीचे उत्तर आहे हे तिला ओळखता येऊ लागले.

मग काही मंडळींच्या ध्यानात आले की, या कामाला मोठे यंत्र लागतच नाही. डेव्ह सिनेज यांच्या ‘लिनक्स राउटर प्रोजेक्ट’ने आणि त्यामागून आलेल्या ‘लीफ’, ‘फ्लॉपीएफडब्ल्यू’ आदी प्रकल्पांनी सारी फायरवॉल एका १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत बसवून दाखविली. अडगळीत पडलेले जुने ४८६ जातीचे यंत्र घ्यावे, त्यात जाळ्याची दोन कार्डे बसवावीत, एक बाहेरच्या तारेस व एक घरातील तारेस जोडावे, हार्ड डिस्क काढूनच टाकावी, आणि फ्लॉपी घालून यंत्र सुरू करावे. एवढे केले की घराला पहारेकरी मिळाला. भंगाराच्या मोलाने मिळणाऱ्या यंत्राकडून कचेरीतील महागड्या पेटीचे काम करून घेणे, हे आपल्याकडील काटकसरी मनास पटण्याजोगेच होते.

या रचनेचे मर्म शाळेतील उदाहरणाने चटकन उलगडेल. वर्गात दोन गोष्टी असतात, छापील पाठ्यपुस्तक आणि फळा. शिक्षक पुस्तकातील धडा फळ्यावर उतरवितो व सारे शिकविणे फळ्यावरून चालते. एखाद्या खोडकर मुलाने मधल्या सुट्टीत फळ्यावर भलतेच काही लिहिले, तरी दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो आणि धडा पुन्हा पुस्तकातूनच उतरविला जातो. फायरवॉलच्या यंत्रात फळा म्हणजे स्मृती. वीज गेली की ती कोरी होते. पुस्तक म्हणजे लिहिणे बंद केलेली फ्लॉपी. यंत्र सुरू होताना सारे नियम फ्लॉपीवरून स्मृतीत येतात आणि काम स्मृतीतून चालते. आत शिरलेल्या चोराने कितीही उलथापालथ केली, तरी ती फळ्यावरची. घरमालकाने बटण बंद करून पुन्हा चालू केले की पहारेकरी आपला मूळ हुकूमनामा हाती घेऊन ताजातवाना उभा राहतो. नियम बदलावयाचा झाल्यास मालकाने जाणूनबुजून तुकडा सरकवावा, बदल लिहावा, तुकडा परत सरकवावा आणि यंत्र नव्याने सुरू करावे. ही थोडी तसदी आहे खरी, परंतु सारे संरक्षण त्या तसदीतच आहे.

फ्लॉपीनंतर हेच तत्त्व सीडीवर आले. एकदा कोरलेली साधी सीडी पुन्हा कोरता येत नाही, म्हणून ती जात्याच या कामास योग्य. ‘डेव्हिल लिनक्स’ सीडीवरून चाले. स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कास्पर यांनी २००३ च्या फेब्रुवारीत सुरू केलेली ‘मोनोवॉल’ ही फायरवॉलही सीडीवरून चालू शके, आणि घरोघरचे वेगळे नियम तेवढे लहानशा फ्लॉपीवर ठेवता येत. बरोबर बारा वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०१५ रोजी, त्यांनी तो प्रकल्प समाप्त केला. फ्लॉपीचे युग तर २०११ च्या सुमारास संपलेच. पावसाळी हवेत बुरशी धरणारी ती चकती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर ते लहानसे भोकही गेले, याची नोंद घेतली पाहिजे.

कारण पुढे आलेल्या साधनांत कुलपासारखे जे दिसते ते सर्वच कुलूप असते असे नाही. छायाचित्रांच्या एस.डी. कार्डाच्या कडेला असाच एक सरकणारा तुकडा असतो. तथापि कार्डाच्या आतील विद्युत्‌रचनेशी त्याचा काही संबंध नसतो. तो फक्त वाचकयंत्राला खूण करतो. ती खूण मानणे न मानणे त्या वाचकयंत्राच्या मर्जीवर असते. दारावर ‘आत येण्यास मनाई’ अशी पाटी लावणे आणि दाराला अडसर घालणे, यांत जो फरक तोच येथे. काही यू.एस.बी. साधनांत मात्र आतील नियंत्रकच लिहिणे नाकारतो. विकत घेणाऱ्याने हा भेद विचारून घ्यावा.

आज बहुतेक घरांत फायरवॉलसाठी वेगळे यंत्र नसते. इंटरनेट देणाऱ्याने बसविलेली जी लहान पेटी लुकलुकत असते, तीच राउटर आणि तीच फायरवॉल. तिच्यातील हुकूमनामा एका लिहित्या चिपेवर असतो. घरबसल्या दुरुस्ती व्हावी म्हणून ही सोय. परंतु दूरचा माणूसही त्यावर लिहू शकतो. गेल्या काही वर्षांतील तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २०१६ साली ‘मिराई’ने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेली असंख्य उपकरणे काबीज केली, तो केवळ स्मृतीत राही, यंत्र बंद करताच नाहीसा होई, मात्र पासवर्ड तोच असल्याने थोड्याच वेळात पुन्हा शिरे. २०१७ मध्ये ‘ब्रिकरबॉट’ नावाचा कार्यक्रम आला. तो उपकरणाच्या चिपेवर निरर्थक मजकूर लिहून ते कायमचे निकामी करू पाही. त्या वर्षीच्या जुलैत भारत संचार निगमच्या जाळ्यातील हजारो मोडेम विषाणूच्या हल्ल्याने बंद पडले आणि ग्राहकांना मूळ पासवर्ड बदलण्यास सांगावे लागले. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ने ५४ देशांतील निदान ५ लाख उपकरणांत ठाण मांडले होते, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी त्याचा पहिला भाग तसाच राही, कारण तो चिपेवर लिहिलेला होता.

या तीन प्रसंगांवरून लिहिणे बंद ठेवण्याच्या उपायाचा लाभही कळतो आणि मर्यादाही. दुसऱ्या व तिसऱ्या प्रसंगी तो उपाय थेट उपयोगी पडला असता, कारण तेथे सारे काम लिहिण्यावर अवलंबून होते. पहिल्या प्रसंगी तो पुरा पडला नसता. चोर हाकलणे सोपे झाले असते. परंतु खिडकी उघडीच राहिल्याने तो परत आला असता. पासवर्ड बदलण्यास कोणताही पर्याय नाही.

दुसरी मर्यादा आपल्या इतिहाससंशोधकांना चांगली परिचित आहे. प्राचीन राजे दानपत्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत, ती याच हेतूने की पुढे कोणी मजकूर बदलू नये. परंतु बनावट ताम्रपटही पुष्कळ सापडले आहेत, आणि ते खोटे असूनही तितकेच टिकाऊ आहेत. तांबे मजकूर राखते. मजकुराचा खरेपणा राखत नाही. तसेच येथे. ज्या यंत्रावर फ्लॉपी किंवा सीडी तयार केली ते यंत्रच बाधित असेल, तर विष कुलूपबंद होऊन बसेल. शिवाय जगात नवे दोष दर महिन्यास उघडकीस येतात; पाच वर्षांपूर्वी कोरलेली सीडी पाच वर्षांपूर्वीचेच दोष प्रामाणिकपणे पुन्हा पुन्हा उभे करील. म्हणून अशा घरमालकाने ठराविक काळाने स्वच्छ यंत्रावर, प्रकल्पाने दिलेली पडताळणीची खूण जुळवून पाहून, नवी प्रत करावी. पहारेकऱ्याची रोजनिशीही यंत्र बंद होताच पुसली जाते. ती हवी असल्यास घरातील दुसऱ्या यंत्रावर पाठवीत राहावे.

तिसरी गोष्ट अशी की, फ्लॉपीला कुलूप लावले तरी यंत्राच्या मूळ पट्टीवर एक लिहिती चिप असतेच. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानमधील एका विद्यार्थ्याने केलेल्या ‘सीआयएच’ विषाणूने ही चिपच पुसून अनेक यंत्रे मृतवत् केली होती. ज्या पट्ट्यांवर लिहिणे बंद करणारा लहानसा जंपर योग्य जागी बसविला होता त्या वाचल्या. पुन्हा तेच तत्त्व: हाताने हलवावा लागणारा धातूचा एक तुकडा.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कुलूप चांगले, पण चावी कोणाकडे? अलीकडे पुष्कळ उत्पादक आपल्या पेट्यांना असे कुलूप लावतात की मालकालाही आतील हुकूमनामा बदलता येत नाही. चावी उत्पादकाकडे, आणि उत्पादकाने काही वर्षांनी त्या नमुन्याकडे पाठ फिरविली की दोष दुरुस्त करावयास कोणी नाही. बाहेरून दोन्ही कुलपे सारखीच दिसतात. परंतु ज्या कुलपाचा तुकडा घरमालकाच्या बोटाने सरकतो, ते त्याचे संरक्षण आहे. जे त्याच्या बोटाने सरकत नाही, ते त्याच्यावरचे बंधन आहे. हेगच्या न्यायालयाने वाट देतानाही नियमन ज्याची भूमी त्याच्याकडे ठेवले, ते याच विचाराला धरून होते.

हा विषय केवळ हौशी लोकांचा आहे असे कोणी समजू नये. आज सिल्वासासारख्या गावातही कारखान्याचा हिशेब, बँकेतील ठेव, मुलांचे निकालपत्र, म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि परगावी गेलेल्या मुलाशी होणारे बोलणे, हे सर्व त्या लुकलुकणाऱ्या पेटीतून जाते. पूर्वी ज्या वस्तू फडताळात व ट्रंकेत होत्या त्या आता तारेच्या पलीकडे आहेत. सर्वांनीच जुने यंत्र शोधून सीडी कोरावी, असा आग्रह नाही. ज्याला आवड व सवड आहे त्याने अवश्य करून पाहावे, कारण एकदा स्वतःच्या हाताने नियमांची यादी लिहिली की या साऱ्या व्यवहाराचे भय उरत नाही, समज येते. परंतु पुढील तीन प्रश्न तरी प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावेत. आपल्या दारावरील पहारेकऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे काय? त्याच्या हुकूमनाम्यात बाहेरून कोणी बदल करू शकेल अशी वाट उघडी आहे काय? आणि तो बिघडलाच, तर मूळचा शुद्ध हुकूमनामा आपल्याजवळ जपून ठेवलेला आहे काय?

शुद्ध प्रत जवळ असणे, ती कोणासही सहज खोडता न येणे, आणि बदलावयाची वेळ आली तर ती बदलण्याचा अधिकार आपल्याच हाती असणे, या तीन गोष्टी ज्याने साधल्या त्याला चोराची भीती पूर्वीइतकी राहत नाही. त्याचे दार एखाद्या रात्री फुटेलही. परंतु सकाळी ते दार पुन्हा त्याचेच असेल.